आधी बघा चांद

"नाकाला पदर लाव आधी," अक्का म्हणाली. "आत्तीची ट्रंक हाय ती. आत साप नसला तरी हिंग असणारच."

हिंग नव्हता. डांबरगोळ्यांचा वास होता आणि त्याच्या खाली आत्तीचा स्वतःचा, कात-सुपारीचा. आत्ती म्हणजे आमच्या आण्णांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि ती भावाच्या दारी परत आली. पुढे आमची आई गेली, तेव्हा आम्हां दोघी बहिणींना तिनंच न्हाऊमाखू घातलं आणि तिनंच बडवलं. एक्याण्णवाव्या वर्षी ती गेली. चौदाव्या दिवशी, गडहिंग्लजला चुलतभावाच्या घरी, मागच्या खोलीत आम्ही तिची ट्रंक उघडून बसलो होतो. मी शेहेचाळीसची, अक्का पंचावन्नची. माझी लेक केतकी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, ती उंबऱ्यावर पाय पसरून बसलेली.

भावाची बायको शारदा चहा घेऊन आली. आत्तीचं शेवटचं वर्ष तिनंच काढलं होतं.

"शेवटी शेवटी लई भ्रमिष्टागत करायच्या हो," ती म्हणाली. "खाटेच्या कडेवर बोट वाजवायच्या. पाणी पायजे का विचारलं, तर टक्. अंगावर घालू का, तर टक्. आणि मग हवेत हात फिरवून म्हणायच्या, 'चांद फिरवा गं, कुणीतरी चांद फिरवा.' आता भर दुपारी मी कुठला चांद फिरवू?"

आम्ही हसलो. अक्का जरा उशिरा हसली, असं आता वाटतं.

साड्या निघाल्या, चांदीची करंडी निघाली, आण्णांचा चष्मा निघाला. अगदी तळाशी माझ्या लहानपणच्या परकराचं हिरवं फडकं होतं, आणि त्यात काहीतरी चौकोनी, सपाट बांधलेलं. गाठ सोडली आणि माझ्या तोंडातून पोरीसारखी किंकाळी निघाली.

"अक्का! शिळानगरी!"

पुठ्ठ्याचा खोका, कोपरे उंदरानं कुरतडलेले. झाकणावर केस मोकळे सोडलेली जखीण तशीच हसत होती. तिच्या मागं सात दरवाज्यांचं नगर, आणि दरवाज्यांत दगड होऊन उभी राहिलेली माणसं. आमचा मामा कोल्हापुरात एका छापखान्यात होता. तिथं छापलेला हा खेळ त्यानं आई गेली त्या वर्षी आणून दिला होता. तसला खेळ मी पुढं जन्मात कुणाकडं पाहिला नाही.

"काय आहे हे?" केतकी सरकत जवळ आली.

मी पट जमिनीवर पसरला. कापडावर चिकटवलेला, चार घड्यांचा. चार प्रवासी, चार रंगांच्या लाकडी सोंगट्या. नगरातून वाट काढत सातव्या दरवाज्याला पोचायचं. एकानं जखीण व्हायचं, ती वाट अडवणार. काळ्या घरात जो पडेल त्याची शिळा होणार. शिळा झालेल्यानं बोलायचं नाही, दुसरा प्रवासी त्या घरात येऊन सोडवीपर्यंत एक शब्द नाही. वाटेतल्यांनी विचारायचं, "डावीकडं जखीण आहे का?" आणि शिळेनं बोटानं टकटक करून सांगायचं. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"जखीण कोण व्हायचं?"

"आत्ती!" मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला होऊच द्यायची नाही. पदर सोडून, डोळे वटारून अशी ओरडायची की शेजारची पोरं रडायची."

"आजी खेळायची?" केतकीला खरं वाटेना.

"खेळायची म्हणजे? नियम तिला पाठ, तोंडी. आमच्यापेक्षा जास्त."

प्रत्येक घरावर दोन ओळींची ओवी छापलेली होती. आई जात्यावर बसून गायची तसल्याच चालीत अक्का त्या म्हणायची. आई म्हणायची, ओवी अर्धी सोडू नये. अर्धी सोडलेली ओवी दुसरी ओळ शोधत घरभर फिरत राहते. पट जुना झाला होता, ओव्यांची शाई उडून गेली होती. पण काळ्या घरावर बोट ठेवलं आणि माझ्या ओठांवर आपोआप आलं,

"शिळेला नाही ओठ, शिळेला नाही गळा..."

आणि अडलं.

"पुढं काय होतं गं, अक्का?"

अक्का साडीची घडी घालत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. "तुला आठवत न्हाई?"

"नाही गं."

"कधीपासनं?"

हा काय प्रश्न, असं माझ्या मनात आलं. पण अक्काचं बोलणं असंच. माझ्याशी बोलताना तिच्या शब्दाला एक बारीक कुसळ असायचंच. कुणाचा निरोप मी फोनवर दिला की ती हटकून विचारायची, "नीट ऐकलंस ना गं?" मी मिरजेला डी.एड. केलं, तेव्हा तिनं अथणीहून पेढे पाठवले, आणि चिठ्ठीत एकच ओळ: "वर्गात नीट ऐकत जा." मी ते सगळ्यांना कौतुकानं दाखवलं होतं. माझी अक्का म्हणजे अशी, असं.

"आई, हा काटा फिरत नाहीये," केतकी म्हणाली.

पटाच्या मधोमध दोन चांद छापलेले होते, वर उजळ, खाली काळा. दोहोंच्या मध्ये पत्र्याचा काटा रिबिटानं बसवलेला. रिबिटाला गंज चढून काटा कापडाला धरून बसला होता. त्याचं टोक काळ्या चांदावर होतं.

"राहू दे, तुटेल," मी म्हणाले.

"शेवटचा डाव कोण जिंकलं?"

"शेवटचा डाव पुरा झालाच नाही. पाहुणे आले. तुझे अथणीचे काका, मावशीला बघायला." आणि मला हसू फुटलं. "केतू, तुला सांगितलंय का मी? मावशीचं लग्न मी जमवलं. ह्या पटावर!"

हा किस्सा मी किती ठिकाणी सांगितला असेल. सासरी, शाळेत, भिशीत. अक्कासमोर मात्र पहिल्यांदाच सांगत होते. तेवढं तरी तेव्हा जाणवायला हवं होतं.

अक्का अठरा वर्षांची. डी.एड.च्या प्रवेशाचं पत्र येऊन पडलेलं, ते ती गादीखाली ठेवायची आणि दिवसातून दोनदा काढून वाचायची. त्यात अथणीचं स्थळ चालून आलं. चौतीस वर्षांचे, बिजवर, भुसारी दुकान, तीन वर्षांचा मुलगा. आत्तीला स्थळ पसंत. आण्णा घुटमळत होते. सकाळी त्यांनी अक्काला समोर बसवून माझ्यादेखत सांगितलं, "हे बघ, तुझ्या मनाविरुद्ध मी लग्नाचा नारळ देणार नाही. तू नाही म्हणालीस, तर मी पाहुण्यांना हात जोडून वाटेला लावीन. हा माझा शब्द." अक्का नुसती हसली. मग आम्ही निर्धास्त खेळायला बसलो. अक्का काळ्या घरात पडली, शिळा झाली, आणि तेवढ्यात पाहुणे ठरल्या वेळेच्या आधीच दारात.

बघणं झालं. अक्का आत येऊन पुन्हा पटापाशी बसली. मधली भिंत कुडाची, पलीकडे कुणी सुपारी फोडली तरी ऐकू यायचं. आत्ती उंबऱ्यात बसली आणि ओठावर बोट ठेवून पुटपुटली, "आता तोंडातनं चकार शब्द न्हाई. पाव्हणं ऐकत्यात."

बाहेर आण्णांनी मला जवळ घेतलं. "अनसू, जा, अक्काला विचारून ये. तुला ती खरं सांगेल." धाकटीला पाठवायची रीतच होती. बापाला पोरगी लाजते, धाकट्या बहिणीला सांगते.

"मग मी आत पळाले," मी केतकीला रंगून सांगत होते. "केसांना नव्या लाल रिबिनी. आख्ख्या घराचा निरोप माझ्या हातात. मी विचारलं, 'अक्का, आण्णा विचारतायत, पसंत आहे का?' ही बोलेल तर शपथ! शिळा ना! पोरी पदराशी चाळा करतात तशी नखानं काट्याशी चाळा करत बसली. माझं लक्ष बाहेर, पाहुण्यांनी पेढे आणले होते तिकडं. आणि मग टक्! एकदाच. मी धूम पळाले. 'आण्णा, अक्का हो म्हणाली!' झालं. तिथल्या तिथं साखर वाटली. आण्णा एवढ्या मोठ्यानं म्हणाले, 'माझ्या पोरीनं आपणहून होकार दिलाय हो!' मरेपर्यंत तेच सांगायचे, ज्याला त्याला."

"मावशी, खरंच असं झालं?"

"तुझी आई सांगत्या म्हणजे झालंच असणार," अक्का म्हणाली. "ती नीट ऐकती."

दाजी माणूस वाईट नव्हते. हे मी नेहमी सांगायचे, कुणी विचारलेलं नसताना. अक्कानं त्यांचा मुलगा वाढवला, दुकान सांभाळलं. स्वतःचं मूल झालं नाही. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या; अक्कानं माझी हनुवटी धरली, कोरड्या डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाली, "चांगली खेळलीस गं." ते वाक्य मी बक्षिसासारखं जपलं होतं.

केतकीनं खोक्याच्या तळातून एक पिवळा कागद काढला होता. घड्यांवर फाटलेला. ती तो मांडीवर जोडून वाचत होती.

"थांब, आई. इथं वेगळंच लिहिलंय. नियम सातवा. 'काटा उजळ चांदावर असता शिळेची एक टकटक म्हणजे होय व दोन म्हणजे नाही. काटा काळ्या चांदावर असता याच्या नेमके उलट समजावे. शिळा झालेल्या गड्यास काटा एकदा फिरवण्याची मुभा आहे.' आणि खाली तुझी ती ओवी आहे, पूर्ण."

आणि ती शाळेत कविता वाचावी तशी वाचू लागली:

"शिळेला नाही ओठ, शिळेला नाही गळा
आधी बघा चांद, उजळ का काळा."

"म्हणजे मावशी तर नाही म्हणाली होती!" केतकी हसत म्हणाली. मग तिनं पटावरच्या काट्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिचं हसू अर्ध्यावर विझलं.

त्याला आता बारा वर्षं झाली. पण त्या क्षणाचं मला अजून नीट सांगता येत नाही. काही कोसळलं नाही. चहाचा कप माझ्या हातात होता तसाच राहिला. बाहेर कुणीतरी नळावर कळशी ठेवली, तिचा आवाज आला. आणि नऊ वर्षांची एक पोर, लाल रिबिनी उडवत, माझ्या डोळ्यांदेखत दाराकडं पळत सुटली. मी तिला हाक मारत होते. ती थांबत नव्हती.

ते नख मला दिसलं. काट्याखाली घातलेलं. उजळ चांदावरून अर्धं वर्तुळ फिरवून काळ्यावर आणलेलं. तो चाळा नव्हता. ते वाक्य होतं.

"केतू," अक्का म्हणाली, "जा, शारदेला दळण निवडू लाग."

"मावशी, मला..."

"जा, बाळ."

ती गेली. अक्कानं घडी घातलेली साडी उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

"अक्का."

"हं."

"तू काटा फिरवला होतास."

"तवा गंज नव्हता. चटकन फिरला."

"मी बघितला नाही."

तिचे हात थांबले.

"काय म्हणालीस?"

"मी काट्याकडं बघितलंच नाही, अक्का. मला वाटलं तू लाजलीस. ती दुसरी ओळ माझ्या डोक्यात आलीच नाही. एकदा टक् वाजलं, मी पळाले."

अक्का माझ्याकडं बघत राहिली. ओळखीचं दार उघडावं आणि आत आपलं घर नसावं, तसं बघत होती.

"तुला आत्तीनं शिकवलं नव्हतं?"

"काय शिकवायचं?"

"की बाहेर जाऊन हो म्हणून सांग." तिचा आवाज बारीक झाला. "नव्या रिबिनी होत्या तुझ्या केसांत. मी बघितल्या. म्हटलं, एवढ्याशा रिबिनींवर विकली गेली माझी पोर."

"रिबिनी आदल्या बाजारच्या होत्या, अक्का. आण्णांनी आणल्या होत्या, पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून."

सदतीस वर्षं. सदतीस भाऊबिजा, नागपंचम्या, बारशी, फोन. नीट ऐकलंस ना गं? नीट ऐकलंस ना? मी एकेक आठवत होते आणि एकेकाची साल निघत होती.

"पण तू नंतर बोलली का नाहीस?" मला ओरडायचं होतं, कुजबुजच निघाली. "आण्णांनी शब्द दिला होता. तू नुसतं नाही म्हणाली असतीस..."

"कुणाला म्हणू?" अक्का म्हणाली. "सोडवायला म्हणून तू आलीस, अन् पळालीस. भिंतीपलीकडनं आण्णांचं ऐकलं मी. 'माझ्या पोरीनं आपणहून होकार दिलाय हो.' एवढ्या मोठ्यानं कशाला म्हणायचं? मला वाटलं, मलाच ऐकू जावं म्हणून. मला वाटलं, सगळ्यांनी मिळून डाव मांडला, अन् पोरीच्या तोंडून वदवून घेतलं. शब्द देणाऱ्यानंच शब्द मोडल्यावर माणूस कुणापाशी जातंय?"

पटावरच्या चारही सोंगट्या खोक्यात कशाबशा कोंबलेल्या होत्या. अक्काची निळी सोंगटी मी उचलली आणि काळ्या घरात ठेवली. का ठेवली, ठाऊक नाही.

"डाव कुणी गोळा केला त्या दिवशी?" मी विचारलं.

"आत्तीनं." अक्का उंबऱ्याकडं बघत होती, जणू आत्ती अजून तिथंच बसली होती. "तू पळालीस. ती उठून आली. एकदा काट्याकडं बघितलं. एकदा माझ्याकडं. मग पट गुंडाळला अन् म्हणाली, 'पुरे झालं खेळणं.'"

नियम तिला पाठ होते. तोंडी.

आम्ही दोघींनीही एकाच वेळी ते ऐकलं असणार, कारण दोघींनीही मान वळवली, जिथं आत्तीची खाट होती त्या भिंतीकडं. खाट काढून टाकली होती. भिंतीवर तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग तेवढा होता. चांद फिरवा गं. कुणीतरी चांद फिरवा. पट जाळला असता तर कुणाला कळणार होतं? फडक्यात बांधून, सगळ्यात तळाशी, सदतीस वर्षं ठेवला म्हातारीनं.

मी आत्तीला शिवी देणार होते. पण अक्का कुठं दुसरीकडंच पोचली होती. तिचा हात तिच्या गळ्याशी गेला होता, आणि चेहऱ्यावर एक नवीनच भय उमटत होतं. ते माझ्यासाठी नव्हतं, आत्तीसाठीही नव्हतं.

ट्रंकेच्या कडेला आण्णांचा चष्मा पडला होता. एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

आण्णा शेवटच्या दुखण्यात अकरा दिवस पडून होते. मी अथणीला दोन पत्रं टाकली, मग तार केली. अक्का आली नाही. दार वाजलं की आण्णा विचारायचे, "थोरली आली?" मी म्हणायचे, "येतीय, वाटेत आहे." दहाव्या दिवशी त्यांनी विचारणं सोडलं. अक्का आली ती बाराव्या दिवशी. दारात उभी राहिली, रिकाम्या पलंगाकडं बघितलं आणि डोळ्यांतून एक थेंब पाणी काढलं नाही. लोक म्हणाले, पोरीचं काळीज दगडाचं. मीही तेव्हा मनात तेच म्हणाले होते. दगडाचं, म्हणाले होते.

"अनसू," अक्का म्हणाली.

लग्नानंतर पहिल्यांदा तिनं मला नावानं हाक मारली असेल. तिनं चष्मा उचलला. दोऱ्याच्या गाठीवर अंगठा फिरवत राहिली. प्रश्न आला तेव्हा अठरा वर्षांच्या पोरीचा आवाज होता तो.

"आण्णांना ठाऊक होतं का गं?"

मी तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटून दगड झाली होती. अक्का वाट बघत होती. तिच्या डोळ्यांत मी इतकी विनवणी कधी पाहिली नव्हती. आणि मला कळेना, तिला कुठलं उत्तर हवंय. ठाऊक होतं म्हणाले, तर तिचा बाप खोटा. नव्हतं म्हणाले, तर ते अकरा दिवस तिच्या पदरात.

पण या खेपेला निरोप खरा द्यायचा होता.

मी आधी चांद बघितला. अक्काची नजरही माझ्या नजरेमागोमाग काट्यावर गेली. तो होता तिथंच होता, काळ्यावर.

मग मी पटावर बोट वाजवलं. एकदाच.

अक्कानं ते नीट ऐकलं.